पाण्याचा हात

रविवारी सकाळी तुळसाबाई मारेगावहून आल्या आणि चप्पल काढायच्या आधीच त्यांनी विचारलं, "कुठी हाये ते लोनी? पाहू दे मले."

विमलताईंनी फडताळातून बरणी काढून नणंदेच्या हातात दिली. तुळसाबाईंनी झाकण उघडलं, वास घेतला, बोट बुडवून चाटलं आणि डोळे मिटून उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. तेलघाणीच्या घरात जन्मलेली बाई. काहीही तेलकट जिभेवर आलं की त्यांचे डोळे आपोआप मिटत आणि आजूबाजूची माणसं निकालाची वाट पाहत थांबत.

"काजूचं हाये," त्या म्हणाल्या. "झालं मस्त. पन याले लोनी कायले म्हनता? ना दूध, ना ताक."

"तसंच म्हनतेत त्याले, बाई. सुक्या मेव्याचं लोनी."

"आन् याच्यानं गांधी उठल्या साधनाच्या अंगावर?"

"परवा उठल्या. त्याच्या आंधी बदामाच्यानं उठल्या. तिळाच्यानं बी."

तुळसाबाईंनी बरणीकडे पाहिलं, मग विमलताईंकडे पाहिलं आणि पिशवीतून एक पुरचुंडी काढली. "हे घे. चारोयी. जंगलातली हाये, बाजारातली भिजलेली नाही. हे तरी चालते का तुमच्या डॉक्टराले?"

विमलताईंनी पुरचुंडी घेतली. चालत होती. डॉक्टरांनी काय चालतं आणि काय नाही हे आता त्यांना मनाच्या श्लोकांसारखं पाठ झालं होतं. धान्य नाही, डाळी नाहीत, दूध नाही, साखर-गूळ नाही, कारखान्यातून डब्यात बंद होऊन आलेलं काहीही नाही. भाजी, फळं, कंद, अंडी, मासळी, सुका मेवा, बिया, एवढंच. महिनाभर असं राहायचं आणि मग एकेक पदार्थ परत आणून बघायचं, कोण घात करतो ते.

घात कुणीतरी करत होतं खरं. साधना, त्यांची सून, राळेगावच्या डेपोत कंडक्टर. गेली दोन वर्षं अधूनमधून तिच्या मानेवर, पोटावर, दंडावर लालभडक गांधी उठत आणि ओठ असा सुजे की यवतमाळच्या गाडीत ती तोंडाला ओढणी बांधून तिकिटं फाडी. गोळीनं उतरे, पुन्हा उठे. यवतमाळच्या डॉक्टरांनी शेवटी हे पथ्य सांगितलं, आणि नवल असं की पथ्याच्या पहिल्या दिवसांत तिचं अंग लख्ख राहिलं. ओढणी खांद्यावर आली. फक्त ती सुकत चालली. उकडलेलं रताळं आणि दोन अंडी घेऊन दिवसभर गाडीत उभं राहणं सोपं नाही. नयननं, तिच्या नवऱ्यानं, यवतमाळहून बदामाच्या लोण्याची एक बरणी आणली. विमलताईंनी चष्मा लावून तिच्यावरचं बारीक अक्षर वाचून काढलं. साखर होती आणि पाम तेल होतं.

"बदामाले सवताचं तेल नाही का?" त्या म्हणाल्या होत्या. "वरून पाम कायले? ठेव ते. मी करतो."

तिथून हे वेड लागलं. आणि विमलताईंना ते गोड लागलं, खोटं कशाला सांगा. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्यांनी एकच काम पाहिलं होतं. दाण्यातून तेल वेगळं काढायचं. भिंतीपलीकडे नवऱ्याची, वामनरावांची, लाकडी घाणी घुमायची, फल्लीचं म्हणजे भुईमुगाचं, जवसाचं, करडईचं तेल गळायचं आणि पेंड बाजूला पडायची. आता उलटं होतं. तेल दाण्यातच राहिलं पाहिजे आणि तरी दाणा वाहिला पाहिजे. बदाम रात्रभर भिजवून, चांगले सुकवून, मंद आचेवर भाजून गरम गरमच दगडी ग्राइंडरात टाकायचे. आधी रवा होतो. मग त्याचा गोळा होऊन भांड्याच्या कडेला चिकटून बसतो, आणि वाटतं, बिघडलं. नव्या माणसाचा हात इथंच तेलाच्या बुधल्याकडे जातो. विमलताई थांबत. मशीन बंद करून गोळा खाली ओढत, परत चालू करत. आणि मग एकदम, दुसऱ्या घरच्या पोरीनं एक दिवस न विचारता हसावं तसा तो गोळा सैल पडे, चमके, वाहायला लागे. काजू लवकर वितळतो, तीळ कडू होतो म्हणून कमी भाजायचा, बदाम सगळ्यांत हट्टी. हे कुणी शिकवलं नव्हतं. त्यांचं त्यांनाच सापडत गेलं आणि प्रत्येक वेळी त्या एकट्याच स्वयंपाकघरात हसल्या होत्या.

आणि प्रत्येक वेळी साधनाच्या मानेवर गांधी उठल्या होत्या.

काल संध्याकाळी नयन विहिरीपाशी आईला म्हणाला, "आई, यवतमाळले खोली पाहून राह्यलो मी."

"कोनासाठी?"

"आमच्यासाठी. मी कॉलेजात रोज जातोच. साधना बदलीचा अर्ज टाकते. उद्या जेवताना बाबांले सांगतो. आत्या असली म्हनजे ते आवाज नाही चढवनार."

विमलताईंनी बादली तशीच धरून ठेवली. हे घर एकदा फुटलेलं त्यांनी पाहिलं होतं. धाकटे दीर नागपूरला गेले ते आता फक्त लग्नपत्रिकेपुरते उरले. "उद्याचं जेवन होईलोक कोनाले काही बोलू नको," त्या म्हणाल्या. "तोलोक पाहू दे मले."

काय पाहायचं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

जेवायला पाटावर वामनराव, तुळसाबाई आणि नयन बसले. साधनाची आज सुट्टी होती. ती वाढत होती, आणि तिची थाळी बाजूला झाकलेली होती. भोपळ्याची भाजी, दोन अंडी, पेरूच्या फोडी. मानेवरच्या परवाच्या गांधींचे ठसे अजून पुसट गुलाबी दिसत होते.

"बदाम चालते आन् फल्ली चालत नाही," तुळसाबाईंनी सुरुवात केली. "हे काय डोक्यात जात नाही माह्या. दोन्ही दानेच ना?"

"फल्ली डाळीत येते, आत्या," नयन म्हणाला.

वामनरावांचा घास हातातच राहिला. दोन पिढ्या फल्लीवर जगलेला माणूस तो. "डाळीत? फल्लीचं कोनी वरन केलं का आजपर्यंत?"

"शेंग लागते ना बाबा तिले. तुरीसारखीच. फूल पाहा तिचं. फक्त मातीत जाऊन बसते."

वामनरावांनी विचार केला. फूल त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. "फूल तुरीसारखंच असते खरं," ते नाराजीनं म्हणाले. "पन डाळ नाही ते."

"डॉक्टरची भांडनं तू इथी बसून कर," तुळसाबाई भावाला म्हणाल्या. "बाहेर लोकं काय म्हनून राह्यले ते आईक. आमच्या मारेगावात बाई बाईले सांगते, तेलवाल्याची सून घरचं तेल खात नाही. गिऱ्हाइकानं काय समजावं?"

"आत्याबाई, मी सध्या सगळंच उकडलेलं खातो," साधना म्हणाली. तिचा आवाज कंडक्टरचा, मागच्या सीटपर्यंत जाणारा. घरात ती तो मुद्दाम खाली ठेवी. "तेल महिनाभरच बंद हाये. मंग पाहूच."

"आन् काजू? काजूनं का उठते तुह्या अंगावर?"

साधना भाजीचं भांडं उगाच हलवू लागली. विमलताईंनी तिच्याकडे पाहिलं, आणि त्यांना जाणवलं की सून काहीतरी बोलायचं गिळते आहे.

"सांग ना," नयन म्हणाला. "की मी सांगू?"

"राहू द्या हो."

"परवाच्या आंधी हिची यवतमाळले मुक्कामी ड्यूटी होती," नयन बापाकडे न पाहता बोलला. "स्टँडजवळून काजू घेतले होते हिनं. तसेच, साधे. मूठ-दोन मूठ खाल्ले रात्री. काहीच नाही झालं. आन् परवा घरी आईनं केलेलं काजूचं लोनी खाल्लं तं ओठ हा एवढा."

तुळसाबाईंनी हातातला तुकडा ताटात परत ठेवला.

"म्हनजे," तुळसाबाई सावकाश म्हणाल्या, "बाजारचं पचते आन् सासूच्या हातचं बाधते."

"तसं नाही, आत्याबाई," साधना घाईनं म्हणाली. "आईनं तं इतकं जीव लावून..."

"मी कुठी वाईट म्हनतो वं? जे दिसते ते सांगतो."

विमलताई उठल्या. "चारोयी भाजून ठेवली हाये," त्या म्हणाल्या. "थंडी होऊन जाईल." आणि आत गेल्या.

आत येऊन त्या ओट्याला टेकल्या. राग आला होता, पण रागाच्या खाली दुसरंच काहीतरी टोचत होतं आणि ते रागापेक्षा ओढ लावणारं होतं. तेच काजू. तीच साधना. बाजारातून तोंडात गेले तर काही नाही, माझ्या हातून फिरून गेले तर गांधी. मग माझा हात मध्ये करतो काय?

भिजवतो. सुकवतो. कढईत भाजतो. कढई नवीच, तिच्यासाठीच आणलेली. भाजून ग्राइंडरात टाकतो. बरणी उकळलेली. चमचा लाकडी, वेगळा ठेवलेला. तूप नाही, मीठ नाही, साखर नाही. त्यांनी सगळं एकदा उलटं आणि एकदा सुलटं मोजून पाहिलं आणि काहीच सापडलं नाही. बाई म्हणतात तसं हातच बाधत असेल, असंही एक क्षण मनात येऊन गेलं, आणि स्वतःच्याच मूर्खपणाचं त्यांना हसू आलं.

चारोळी कोमट झाली होती. वेळ घालवून चालणार नव्हतं. त्यांनी ग्राइंडरचं झाकण काढलं. दगडांना परवाच्या काजूचा पातळ थर धरलेला. विमलताईंनी ओट्याखालच्या पोत्यात हात घातला, मूठभर फल्लीदाणे ग्राइंडरात टाकले, दोन वेढे फिरवले, थांबवलं, कोरडं फडकं घेऊन दगड पुसून काढले. लख्ख.

मग फडकं झटकायला उचललं आणि त्यांचा हात वरच राहिला.

फडक्यावर गुलाबी साल होती. बारीक, तेलकट, फल्लीची साल.

या घरात तेलाच्या भांड्याला पाणी लावत नसत. सासूबाईंनी पहिल्या आठवड्यात शिकवलेलं हे पहिलं काम. पाण्याचा हात लागला की तेल खवट होतं. म्हणून घाणी असो, पाटा असो की आताचा हा ग्राइंडर, मूठभर फल्ली फिरवायची, ती आधीचं सगळं ओढून घेते, कोरड्या फडक्यानं पुसायचं, झालं. विमलताईंनी हजारो वेळा केलं असेल. साधनाच्या बदामाआधी केलं. तिळाआधी केलं, काजूआधी केलं. आणि मघाशी सगळं उलटसुलट मोजताना हे मोजलंच नव्हतं, कारण याला कुणी फल्ली घालणं म्हणत नव्हतं. हे पुसणं होतं.

त्या स्टुलावर बसल्या. बाहेर वामनराव काहीतरी विचारत होते आणि नयनचा आवाज बारीक झाला होता. खोलीचा विषय निघत असावा.

चुपचाप धुऊन टाकावं, हे त्यांच्या मनात आलं. नाही कशाला म्हणा. दार लोटून ग्राइंडर धुवायचा, कोरडा करायचा, चारोळी करायची. चारोळी साधनाला मानवली असती. तुळसाबाई खूश, पोरगं थंड, आणि कुणाला काही कळलं नसतं. पण मग बदाम, काजू आणि तीळ साधनासाठी जन्मभर वाईट ठरले असते. आणि महिना संपल्यावर एक दिवस हसत हसत सगळ्यांनी तिच्या पुढ्यात फल्ली ठेवली असती, घरचीच आहे, खा म्हणून. विमलताईंना तो सुजलेला ओठ दिसला, आणि त्यावर बांधलेली ओढणी.

त्यांनी ग्राइंडरचं जड भांडं दोन्ही हातांनी उचललं. जेवणाऱ्यांच्या मधूनच मागच्या अंगणात गेल्या. नळाखाली ठेवलं आणि नळ सोडला.

"विमल," तुळसाबाई पाटावरून अर्ध्या उठल्या. "पानी? तेलाच्या भांड्याले पानी?"

"हो बाई."

"माही आई गेली तं तुले लाजच नाही राह्यली का?"

"साधना," विमलताईंनी हाक मारली. "इकडं ये. हे फडकं पाह."

साधना आली. तिनं फडकं हातात घेतलं नाही, नुसतं वाकून पाहिलं. मग सासूकडे पाहिलं. तिला समजायला वेळ लागला नाही. रोज गाडीत पन्नास माणसांच्या चेहऱ्यावरून ती ओळखे, कोण तिकीट न काढता बसलंय.

"दर बारीले?" तिनं विचारलं.

"दर बारीले. बदामाच्या आंधी, काजूच्या आंधी. मले वाटे मी भांडं पुसून राह्यलो."

नयन दारात उभा होता. कॉलेजच्या लॅबमध्ये रोज नळ्या धुणारा पोरगा तो. "मंग बदाम नाही, काजू नाही, तीळ बी नाही," तो म्हणाला. "फल्लीच."

"डॉक्टरले दाखवून घ्या," विमलताई म्हणाल्या. "पन मले तं तेच दिसते."

वामनराव हात न धुताच बाहेर आले. पाण्याखालच्या दगडाकडे ते बघत राहिले. तेलाचे थेंब पाण्यावर तरंगून मोरीत जात होते, सात रंगांचे. "फल्ली," ते म्हणाले. आपल्याच माणसावर कुणी चोरीचा आळ घ्यावा आणि तो खरा निघावा, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"मंग तं खोली पाहायलाच लागते," नयन खालच्या आवाजात म्हणाला. "बाबा, मी सांगनारच होतो तुमाले. यवतमाळले..."

"कायले?" विमलताईंनी नळ बंद केला. "पथ्याच्या पहिल्या दिवसांत साधना कुठी होती? याच घरात ना? पलीकडं घानी चालूच होती, पोते इथंच होते. तवा एक गांध नाही उठली. घर नाही बाधत तिले. तोंडात जाते ते बाधते."

साधनाच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी काहीतरी सैल झालं.

"पन या स्वयंपाकघरात पाट्याखाली, ओट्याखाली, जिकडंतिकडं फल्ली हाये," विमलताई पुढे म्हणाल्या. "मी कितीक पुसू? मागची खोली हाये, जवसाचे पोते ठेवतो ती. ते घानीत हलवा. तठी साधनाचं स्वयंपाकघर करू. तिचं वेगळं."

"वेगळी चूल," तुळसाबाई म्हणाल्या. हा शब्द त्या घरात धाकट्या दीरांनंतर कुणी उच्चारला नव्हता. "लोकं काय म्हनतील माहीत हाये ना? वामनची चूल वेगळी झाली."

विमलताईंना तो शब्द लागला. काल रात्रभर ज्याला भ्यायल्या तेच आज स्वतःच्या तोंडानं मागत होत्या. "म्हनू द्या, बाई," त्या म्हणाल्या. "अंगन तं एकच राहीन."

तुळसाबाई मग भावाकडे वळून म्हणाल्या, "उभा काय राह्यला रे असा? माही चारोयी भाजून पडली हाये आत. दळायची कशात आता ती?"

सोमवारी वामनराव स्वतः राळेगावच्या बाजारात गेले. ज्यानं उभ्या जन्मात स्वयंपाकघरासाठी एक चमचा विकत घेतला नव्हता, त्यानं दुकानदाराला तीन मिक्सर चालवून दाखवायला लावले आणि प्रत्येकाच्या भांड्यात नाक घालून वास घेतला. घरी येऊन खोका साधनाच्या हातात दिला आणि म्हणाले, "कोराच हाये. मी पाह्यलं."

चारोळी त्यात दळली गेली. ती नाजूक, लवकर वितळली आणि करड्या सायीसारखी वाहू लागली. तुळसाबाई निकालासाठी मुक्काम वाढवून राहिल्या. साधनानं सफरचंदाच्या फोडीवर ती लावून खाल्ली. दुसऱ्या दिवशी सकाळी चौघंजण तिची मान बघायला मागच्या खोलीच्या दारात जमले, आणि ती म्हणाली, "असे काय उभे राह्यले सगळे, पोरगी पाहाले आल्यासारखे?" मान स्वच्छ होती. ओढणी खांद्यावरच राहिली. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनीही तपासण्या करून फल्लीवरच बोट ठेवलं आणि बदाम, काजू, तीळ मोकळे केले. वामनरावांनी तो कागद वाचला नाही. घडी करून देवघरात ठेवला, घाणीच्या पूजेचं कुंकू जिथं असतं तिथं.

नंतर एका दुपारी विमलताईंना बदामाची आठवण झाली. तो हट्टी गोळा, आणि त्याचं ते सैल पडणं. साधना ड्यूटीवरून आली होती. मागच्या खोलीतून मिक्सरचा आवाज येत होता, मध्येच थांबत होता, पुन्हा सुरू होत होता. कडेला चिकटला असणार. विमलताईंना राहवेना. त्या अंगण ओलांडून गेल्या आणि उंबऱ्यात पाय ठेवणार, तोच आतून आवाज आला. मागच्या सीटपर्यंत जाणारा, या वेळी मुद्दाम खाली न ठेवलेला.

"आई, हात धुतले?"

विमलताई उंबऱ्याबाहेर थांबल्या. स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच सुनेच्या दारात, शाळेतल्या पोरीसारख्या. मागे फिरून नळाला गेल्या, साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले आणि परत आल्या.

"धुतले वं. वास घेऊन पाह."

साधनानं खरंच वाकून वास घेतला. मग बाजूला सरली आणि ओट्यावर सासूसाठी जागा केली.

"पाहा ना आई," ती म्हणाली, "गोयाच होऊन बसला. तेल टाकू का थोडंसं?"

"काही टाकू नको," विमलताई म्हणाल्या आणि ओल्या हातानंच त्यांनी मिक्सरचं बटण बंद केलं. "थांब. सैल होतेच तो."